बोरजाईची भट्टी

कागद काळा निघाला तेव्हा मला आनंद झाला होता, हे आधीच सांगून टाकते. शाळेच्या ओट्यावर उभी राहून मी तो चिमट्याने उजेडात धरला. रुपयाएवढा गोल कागद, तीन तास त्यातून हवा ओढलेली, आणि मधोमध काजळाचं बोट टेकवल्यासारखा डाग.

“तात्या, हे बघा,” मी म्हणाले.

भानुदासतात्या काळेल पायरीवर तंबाखू मळत बसले होते. ते बोरजाईचे सरपंच. त्यांनी कागद जवळून पाहिला, लांबून पाहिला.

“कसलं हाय हे?”

“तुमच्या गावची हवा. चार ते सात या वेळातली.”

“आन् कालचा कागद?”

“कालचाही असाच. परवाचाही.”

माणदेशातलं हे गाव. मे महिना चालू होता. रोज दुपारी तीनच्या सुमाराला डोंगरामागून ढग वर यायचे, चांगले भरलेले, पोटाशी काळे. सगळं गाव माना वर करून बघायचं. मग ढग गावावरून सरकत पलीकडे जायचे आणि संध्याकाळी विरून जायचे. वळवाचा एक थेंब नव्हता. विहिरी तळाला गेल्या होत्या, आणि दिवसाआड येणाऱ्या टँकरभोवती बायकांची दर खेपेला जुंपायची.

मी पुण्याच्या एका हवामान संशोधन संस्थेत सहा महिन्यांच्या बोलीवर लागलेली होते. वय पंचवीस. काम सोपं होतं. शाळेत राहायचं, दुपारी चारला पंप चालू करायचा, सातला बंद करायचा, कागद पाकिटात घालून त्यावर तारीख लिहायची आणि ढगांची नोंद वहीत करायची. पंप ओट्यावर होता. त्याची नळी समोरच्या पटांगणात झेंड्याच्या खांबाला पंधरा फुटांवर बांधली होती. मी खांबाजवळ खुर्ची टाकून आभाळाकडे बघत बसायची. गावातली माणसं येता-जाता मला विचारायची, “काय ढगवाल्या बाई, कवा पडतूय?” आणि हसायची. आभाळाकडे बघत बसायचे कुणी पैसे देतं, याचंच त्यांना नवल वाटायचं. पंधरा दिवस मी ते हसणं ऐकून घेतलं होतं. म्हणून तात्यांच्या कपाळावर आठी पडलेली पाहिली तेव्हा मला बरं वाटलं.

“ह्या काळ्याचा आन् पावसाचा काय संबंध?” त्यांनी विचारलं.

मग मी सांगितलं. आजही वर्गात मी हे जवळपास त्याच शब्दांत सांगते. ढगातलं पाणी नुसतं लटकत नाही, ते कशाला तरी धरून असतं. धुळीचा कण, मिठाचा कण, धुराचा कण. एकेका कणाभोवती एकेक थेंब. कण मोजके असले तर थेंब मोठे होतात, एकमेकांत मिसळतात, जड होऊन खाली पडतात. धूर वाढला की कण हजारपट होतात. पाणी तेवढंच, वाटेकरी मात्र फार. मग प्रत्येक थेंब इतका बारीक राहतो की त्याला पडता येत नाही.

“म्हंजी पंगतीला माणसं वाढली,” तात्या म्हणाले, “आन् आमटी तेवढीच.”

“अगदी तसंच.”

“मग कुणाच्याच पोटाला न्हाय.” त्यांनी तंबाखू तोंडात टाकली आणि ओढ्याच्या दिशेला पाहिलं. तिकडून धुराची एक पट्टी सरळ वर जात होती. “त्यो धूर?”

माझ्या गुरूंनी, खांबेटे सरांनी, निघताना मला बजावलं होतं की कागद जमव, निष्कर्ष काढू नकोस. ते मला त्या क्षणी नीट आठवत होतं.

“असू शकेल,” मी म्हणाले.

तो धूर चांगू हिलम आणि त्याची बायको सोमी यांच्या भट्टीचा होता. ही दोघं कातकरी, खाली कर्जतकडची. दिवाळीनंतर एक ट्रक त्यांना इथे आणून सोडायचा. ओढ्याकाठची वेडी बाभूळ तोडायची, रचायची, कोळसा पाडायचा, आणि मे संपता संपता त्याच कोळशाच्या पोत्यांवर बसून त्याच ट्रकने घरी जायचं. कोळसा तयार नसेल तर ट्रक येत नसे. ती त्यांची त्या वर्षाची शेवटची भट्टी होती.

मी तिथे पहिल्या आठवड्यातच, पंप बसायच्या आधी, जाऊन आले होते. मला एक नकाशा काढायचा होता. गावाभोवती कुठेकुठे धूर होतो त्या सगळ्या जागा, शाळेपासूनच्या अंतरासकट. चुली, एक वीटभट्टी, चैतात पेटवलेला डोंगर. हो, डोंगर गावानेच पेटवला होता. दरवर्षी पेटवतात, जुनं गवत जळलं की नवं चांगलं येतं म्हणून. तो काळा पडलेला डोंगर शाळेतून सरळ दिसायचा, पण तो कुणाच्या डोळ्यावर येत नव्हता. आपल्या हातचा धूर धुरात धरत नसावेत.

सोमी चाळिशीची असेल. अंगाने काटकुळी, केसांवर कायम राखेचा थर. मी नकाशा घेऊन उभी होते आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

“बाय, डोळं काय झालं तुझं?”

माझे डोळे सुजले होते. संध्याकाळी खुर्चीत बसले की चिलटांचे थवे तोंडावर यायचे. डोळ्यांत, कानांत, नाकात. वही हातात धरवत नव्हती.

“चिलटं,” मी म्हणाले.

“मंग धुरी कर की.” तिने तिथल्या तिथे कडुनिंबाचा पाला मोडला, त्यात थोडी वाळकी निरगुडी घातली आणि वेलीने पेंढी बांधली. “घमेल्यात आधी दोन शेण्या धरव. त्या धरल्या का वर हा पाला टाक, ओलाच. जाळ नको होव देऊ. जाळ झाला तर धूर नाय. वाऱ्याच्या अंगाला ठेव, म्हंजे तुझ्या अंगावरनं जाल.”

मी तिला विचारलं, भट्टीला किती दिवस लागतील?

“धूर सांगल,” ती म्हणाली. “आता पांढरा हाय. पांढरा म्हंजे लाकडातला पाणी जातंय. मंग पिवळा होल, तो डोळ्याला झोंबतो. मंग निळा, पातळ, बघाय गेला तर दिसणार पण नाय. निळा झाला का दोन दिस थांबायचा, भोकं बुजवायची. कोळसा झाला.”

“आणि मध्येच उघडली तर?”

“राख,” ती म्हणाली, आणि हसली. इतका खुळा प्रश्न तिला कुणी विचारला नसावा.

त्या दिवसापासून चिलटांचा त्रास गेला. दर दोन दिवसांनी सोमी टँकरच्या पाण्याला गावात यायची, सगळ्यांचं भरून झाल्यावर शेवटी उभी राहायची, आणि परत जाताना पाल्याची एक पेंढी शाळेच्या पायरीवर ठेवून जायची. मी आत असले तर हाक मारायची, नसले तर नुसती ठेवायची. घमेलं शाळेच्या शिपायाने, गेनबाने, आणून दिलं होतं. मी चारला पंप चालू करायची, शेण्या पेटवायची, पाला टाकायची आणि निवांत ढग मोजत बसायची.

तात्यांशी बोलणं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तालुक्याला गेले, खांबेटे सरांना फोन करायला. सकाळच्या एस. टी. ने गेले, कारण तालुक्याशिवाय फोन नव्हता. गेनबाला पंप चारला चालू आणि सातला बंद करायला शिकवून ठेवलं होतं. बूथवर तासभर रांगेत उभी राहिले आणि सरांना मोठ्या उत्साहाने सगळे कागद ऐकवले.

“इतके काळे?” सरांनी विचारलं. “भट्टी किती लांब आहे?”

“दीड किलोमीटर.”

“दीड किलोमीटरवरून एका भट्टीचा धूर इतका नाही यायचा. नळीच्या आसपास काय आहे ते बघ. आणि गावात काही बोललीस का?”

“नाही,” मी म्हणाले.

ते पहिलं खोटं. त्याला काही कारणही नव्हतं. सर रागावतील एवढंच.

“बोलू नकोस,” सर म्हणाले. “धुराचं आपल्याला अर्धंच कळलंय. कधी तो ढगाचा पाऊस अडवतो, कधी नुसता लांबवतो, आणि कधी त्यामुळेच ढग आणखी उंच चढून जोरात कोसळतो. एवढ्याशा भट्टीने तर तालुक्याच्या आभाळाला काहीच होत नाही. लोकांना अर्धं सांगितलं की ते उरलेलं अर्धं स्वतः भरतात.”

साडेसातला मी गावात उतरले. गेनबा पायरीवर वाट बघत बसला होता. मी आधी पंपाकडे गेले आणि कागद काढला. तो पांढरा होता. अगदी कोरा म्हणता येणार नाही, बाजूच्या कोऱ्या कागदाशेजारी धरला तर किंचित मळकट. पण डाग नव्हता.

“गेनबा, पंप लावला होता ना?”

“चारच्या ठोक्याला लावला, सातला बंद केला. शिकवलं तसंच.”

“भट्टी आज विझली होती का?”

“न्हाय वो. धुमसतीय की. ही काय.”

“वारं?”

“वारं रोजचंच.”

“मग आज वेगळं काय होतं?”

गेनबाने प्रामाणिकपणे विचार केला. “काय न्हाय,” तो म्हणाला. “तुमी नव्हता.”

मी खांबाकडे पाहिलं. खांबाला नळी. नळीखाली माझी खुर्ची. खुर्चीच्या पश्चिमेला, वाऱ्याच्या अंगाला, घमेलं. त्यात कालची गार राख.

“आज धुरी केली नाहीस?”

“कुणासाठी करू? बसणार कोण हुतं?”

मी नकाशा काढून पाहिला. गावातल्या बेचाळीस चुली त्यावर होत्या, वीटभट्टी होती, हिलमांची भट्टी लाल शाईने गोल करून दाखवली होती. माझी खुर्ची त्यावर नव्हती. दहा दिवस मी माझ्याच घमेल्याचा धूर मोजत होते आणि तो बोरजाईच्या आभाळाच्या नावावर लिहीत होते. एखाद्या नवख्या पोराने केलं असतं तर मीच त्याला हसले असते.

“म्याडम,” गेनबा म्हणाला, “तात्यांनी निरोप ठेवलाय. आज चावडीत बैठक झाली. उद्या दुपारी समदी भट्टीवर जाणार हायती. फोडायची म्हनत्यात. तुमालाबी बोलावलंय.”

“मला कशाला?”

“आता तुमीच तर सांगितलं.”

त्याच वेळी उठून तात्यांच्या घरी गेले असते तर ही गोष्टच झाली नसती. त्यांचं घर शाळेपासून शंभर पावलांवर होतं, ओट्यावर दिवा दिसत होता. मी गेले नाही. प्रवासाने दमले आहे, सकाळी जाईन, असं स्वतःला सांगितलं. वहीत त्या तारखेसमोरची जागा कोरी ठेवली. सकाळी उठल्यावर म्हटलं, दुपारी सगळ्यांसमोरच सांगू, म्हणजे पुन्हा पुन्हा सांगायला नको. पांढरा कागद पाकिटात घालून पर्समध्ये ठेवला. मी तो नेला होता, दाखवायच्या इराद्यानेच नेला होता. इतकी वर्षं मी स्वतःला हेच ऐकवत आले आहे आणि त्याने मला काडीचाही फायदा झालेला नाही.

दुपारी दोनला तात्यांनी मला न्यायला मोटरसायकल पाठवली. वाटेत दारादारांतून बायका बघत होत्या. “ढगवाल्या बाई” म्हणून कुणी हसलं नाही. एका म्हातारीने हात जोडले. मी मागे बसले होते आणि पर्स छातीशी धरली होती, आणि मला ते हात जोडणं आवडलं.

भट्टीवर पंचवीस-तीस माणसं होती. पहारी, कुदळी होत्या. आरडाओरडा नव्हता. भट्टी मातीने लिंपलेली, पुरुषभर उंचीची. तिच्या भोकांतून धूर येत होता, पण मला तो आधी दिसलाच नाही. मग दिसला. निळा, पातळ.

चांगू हात जोडून तात्यांसमोर उभा होता. सोमी त्यांच्या झोपडीच्या तोंडाशी बसली होती.

“तात्या, बघा तुम्हीच,” चांगू म्हणत होता. “निळा झालाय. दोन दिस. दोन दिसानं भोकं बुजवतो, मंग धूर नाय काय नाय. ट्रक येल, आम्ही जाव. फुडल्या साली बोलवलं तरी येणार नाय.”

तात्या वाईट माणूस नव्हते. त्यांच्या तोंडावर मला संकोच दिसत होता.

“माझं काय वैर हाय का तुझ्याशी?” ते म्हणाले. “गावाला प्यायाला पानी न्हाय बाबा. रोज ढग येत्यात आन् जात्यात. शिकलेली मानसं सांगत्यात तुझ्या धुरानं जात्यात. मी काय करू?”

“दोन दिस, तात्या.”

तात्यांनी मान वळवली. मला पाहिलं आणि त्यांना हायसं वाटलं. “ह्या आल्या. म्याडम, तुमीच सांगा. दोन दिसानं चालंल का?”

सगळे माझ्याकडे बघू लागले. चांगूही. सोमीही. तिच्या नजरेत भीती नव्हती. उलट मला पाहून ती जरा सैल झाली होती, ओळखीचं माणूस आलं म्हणून.

मला फक्त “चालेल” म्हणायचं होतं. कागद दाखवायचीही गरज नव्हती. माझी चूक कबूल करायची नव्हती, संस्थेचं नाव खाली जाणार नव्हतं, माझी नोकरी जाणार नव्हती. तात्यांना तेच उत्तर हवं होतं. पण मी चालेल म्हटलं असतं, तर कुणीतरी विचारलं असतं, मग परवा धुराचं नाव कशाला घेतलंत? मग पुन्हा तेच हसणं. पंचवीस वर्षांची होते मी, आणि दोन दिवसांपूर्वीच मला गावात मान मिळाला होता.

डोंगरावर ढग चढत होता. त्या महिन्यातला सगळ्यांत मोठा.

“ढग आज आलेत, तात्या,” मी म्हणाले.

हे एवढंच वाक्य. त्यात एकही शब्द खोटा नाही.

तात्यांनी डोळे मिटल्यासारखं केलं आणि मान हलवली. पहिली पहार पडली. लिंपलेली माती सुटली, आत वारा शिरला. क्षणभर काही झालं नाही, मग आतून घरघर ऐकू आली आणि फट पडली तिथून जाळ बाहेर आला. जवळ उभी असलेली माणसं मागे पळाली. चांगू पुढे धावला. हातांनी माती ओरबाडून फटीत टाकू लागला. एक फट बुजवली की दुसरीकडून जाळ येई. दोघांनी त्याला धरून मागे ओढलं, त्याच्या भल्यासाठीच ओढलं, नाहीतर तो भाजला असता. सोमी उठली. तिने झोपडीतली दोन भांडी आणि एक गाठोडं बाहेर काढलं आणि ठिणग्या पडणार नाहीत अशा जागी नेऊन ठेवलं. मग भट्टीकडे पाठ करून उभी राहिली.

दहा दिवसांत त्या भट्टीने जेवढा धूर केला नव्हता तेवढा त्या एका तासात झाला. काळाकुट्ट धूर, माणसांची तोंडं दिसेनात इतका. तो सरळ वर चढत त्या ढगाच्या पोटाला भिडला. मी जे काही शिकले होते आणि तात्यांना शिकवलं होतं त्याप्रमाणे आता पाऊस पडायला नको होता.

साडेचारला पाऊस पडला. गाराही पडल्या. अर्धा तास असा कोसळला की ओढ्याला लोंढा आला आणि भट्टीची राख त्यात वाहून गेली. तो कशामुळे पडला, मला माहीत नाही. कदाचित सर फोनवर म्हणाले तसा, धुरानेच ढग उंच चढून. बहुधा भट्टी नसती तरीही पडलाच असता. गावाला मात्र पक्कं माहीत होतं. भिजलेली माणसं शाळेच्या ओट्यावर गोळा झाली. मला खुर्चीत बसवलं. तात्यांच्या सुनेने हळदीकुंकू लावलं, ओटीत नारळ घातला. तात्या सगळ्यांना पंगतीची आणि आमटीची गोष्ट सांगत होते, आणि दर वाक्यानंतर माझ्याकडे बघत होते. मी मान हलवत होते.

तेव्हा ती दोघं रस्त्याने आली. चांगूच्या डोक्यावर भांड्यांचं गाठोडं, हातांना चिंध्या गुंडाळलेल्या. सोमीच्या काखेत कपड्यांचं. पाऊस अजून भुरभुरत होता. ट्रक येणार नव्हता, म्हणून ती पायी हमरस्त्याकडे निघाली होती. चांगू सरळ बघत पुढे गेला. ओट्यावरचा गलका जरा कमी झाला.

सोमी थांबली. झेंड्याच्या खांबापाशी माझं घमेलं पावसात भरलं होतं, आणि शेजारी तिनेच दोन दिवसांपूर्वी आणलेली पाल्याची पेंढी पडलेली. तिने गाठोडं खाली ठेवलं, घमेल्यातलं पाणी ओतलं, राखेचा लगदा बोटांनी पुसून काढला. मग घमेलं आणि पेंढी घेऊन ओट्याशी आली आणि दोन्ही माझ्या पायांजवळ, छपराखाली ठेवली.

“पाला भिजलाय, बाय,” ती म्हणाली. “उद्या वाळव जरासा. पाऊस झाला का चिलटा लय होतात.”

माझ्या मांडीवर नारळ होता आणि नारळाखाली पर्स होती. पर्समध्ये कागद होता.

“बरं,” मी म्हणाले.

ती गेली. तात्यांनी गोष्ट पुढे चालू केली.

संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर मी वही उघडली. आदल्या दिवसाच्या कोऱ्या जागेत लिहिलं, “पंप बंद होता.” पांढरा कागद चुलीत घातला. आधीचे दहा काळे कागद पुण्याला पाठवले, त्यांचा एक छोटा अहवाल झाला, त्यात नळीच्या आसपास काही नसल्याचं मी लिहून दिलं. सहा महिन्यांची बोली पुढे पक्की नोकरी झाली. सर वारले तेव्हा शोकसभेत माझं नाव घेतलं गेलं, सर स्वतः म्हणायचे तसं, त्यांची सगळ्यांत काळजीपूर्वक काम करणारी विद्यार्थिनी म्हणून. कर्जतच्या बाजूला मी तीनदा जाऊन आले. हिलम तिथे वाडीवाडीत आहेत. मी कुठे नेटाने चौकशी केली नाही.

त्या संध्याकाळी मी खांबाजवळ खुर्ची टाकून बसले होते. धुरी केली नाही. सोमी म्हणाली होती तशी चिलटं आली, आजवर पाहिली नव्हती इतकी. मी हात हलवून ती उडवली नाहीत, बसू दिली.

सकाळी उठले तर दोन्ही डोळे सुजून मिटले होते. पाण्याला निघालेल्या बायका पायरीपाशी थांबल्या. मला त्या दिसत नव्हत्या, नुसत्या ऐकू येत होत्या.

“अगं बाई, डोळं बघा म्याडमचं,” त्यांतली एक हळूच म्हणाली. “रातभर रडल्या वाटतं. आपल्या गावात पाऊस पडला म्हणून.”

मी नाही म्हणाले नाही.